सैल झालेले कपडे आणि परिग्रहाचे परिमाण

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय व व्यापारी घरांमध्ये वजन उतरविण्याची एक लाटच आली. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून घरोघरी पोहोचविलेला दोन वेळा जेवणाचा क्रम अनेकांनी स्वीकारला. चिंचवड-निगडीच्या उद्यानांत पहाटे चालणाऱ्यांची संख्या वाढली. २०२५ साली मधुमेह व स्थूलतेवरील, आठवड्यातून एकदा घ्यावयाची नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. आपल्या समाजात तर वर्षीतप, आयंबिलाची ओळी आणि ऊनोदरी ही परंपराच आहे. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, वजन घटविणे हा नव्हे. तरीही देह कृश होतो, हे खरेच. कारण कोणतेही असो, पंधरा-वीस किलो वजन उतरले की घरात एक नवाच प्रश्न उभा राहतो. अंगात ढगळ होणाऱ्या कपड्यांचे करावयाचे काय?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. लग्नसराईत शिवलेला सूट, मुलाच्या साखरपुड्याला घेतलेला जरीचा पोशाख, दुकानात बसण्याचे डझनभर शर्ट यांत घराचा मोठा पैसा गुंतलेला असतो. शिवाय आठवणी गुंतलेल्या असतात त्या निराळ्याच. म्हणून बहुतेक घरांत निर्णय लांबणीवर पडतो. जुने कपडे वरच्या कप्प्यात जातात, नवे खालच्या कप्प्यात येतात आणि वर्षभरात कपाट दुप्पट भरते. दुकानात न खपणारा माल रॅक अडवितो व भांडवल कुजवितो, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. घरच्या कपाटाला मात्र तो हा हिशेब लावीत नाही.

आधी कारण, मग कपाट

कपड्यांचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे आवश्यक आहे. वजन प्रयत्नाने उतरले आहे की आपोआप? आहार वा व्यायाम न बदलता सहा ते बारा महिन्यांत शरीराचे वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलोहून अधिक कमी झाले, तर ती डॉक्टरांकडे जाण्याची वेळ असते. अनियंत्रित मधुमेह, थायरॉईडचा विकार, क्षयरोग, क्वचित कर्करोग यांची पहिली खूण अनेकदा सैल झालेला कमरपट्टाच असतो. अशा वेळी ‘किती छान बारीक झालात’ या कौतुकावर विसंबून राहू नये.

प्रयत्नाने उतरलेले वजनही लगेच स्थिर होत नाही. सेमाग्लुटाइड या औषधावरील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे दिसले. आहाराचे पथ्य सुटले तरी असाच अनुभव येतो. म्हणून वजन उतरत असतानाच सारे कपाट रिकामे करण्याची घाई नको आणि त्याच काळात नव्या मापाची मोठी खरेदीही नको. सहा महिने वजन एका जागी टिकले की निर्णय घ्यावा.

‘पुन्हा वाढले तर’ या भीतीने सर्व जुने कपडे जपून ठेवणे मात्र हिताचे नाही. सैल विजार वाढते पोट महिनोन्‌महिने कळू देत नाही. नव्या मापाची विजार दोन किलोतच सूचना देते. जुन्या मापाची एखादी जोडी ठेवण्यास हरकत नाही, पूर्ण कपाट कशाला?

शिंप्याकडे काय न्यावे?

सर्वच सैल कपडे निरुपयोगी नसतात. विजारीची कंबर साधारणपणे दोन ते तीन इंच आत घेता येते. त्याहून अधिक घेतल्यास मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि बैठक बिघडते. शर्टाच्या व कुर्त्याच्या बाजूच्या शिवणी सहज आत घेता येतात. पण खांदा उतरला असेल तर मुंडा व बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. ही मजुरी साध्या शर्टाला परवडत नाही. कोटाचे तसेच आहे: पोट आत घेता येते, खांदा सहसा नाही. साडीला माप नसते, प्रश्न ब्लाउजचा असतो आणि तो टीप घालून सुटतो. ज्या शिंप्याने शिवले त्याच्याकडेच नेल्यास उत्तम. शिवणीत माया किती सोडली आहे, हे त्याला ठाऊक असते. शिवणीच्या आतले जादा कापड मात्र कापून टाकू देऊ नये.

मजुरी आणि कपड्याचे उरलेले आयुष्य यांचा मेळ बसत असेल तरच कपडा दुरुस्त करावा. बाकीचे द्यावेत.

द्यावे ते कोणाला?

नऊ प्रकारच्या पुण्यांत अन्न, पान यांच्याबरोबर वस्त्रपुण्यही सांगितलेले आहे. परंतु नको असलेली वस्तू घराबाहेर काढणे आणि दान करणे यांत अंतर आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले; तिथल्या लोकांच्या वापराचा विचार पाठविणाऱ्यांनी केला नव्हता. तो ढीग निवडून उपयोगात आणण्याच्या कामी पुढे आलेल्या ‘गूंज’ या संस्थेचा आरंभ अंशू गुप्ता व त्यांच्या पत्नी मीनाक्षी यांनी १९९९ साली आपल्याच घरातील ६७ कपड्यांपासून केला होता. खेड्यातील लोक विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मान म्हणून त्यांना कपडे मिळतात, अशी या संस्थेची पद्धत आहे. २०१५ साली गुप्ता यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा या कामाचा गाभा आहे.

आपल्याकडच्या साधर्मिक भक्तीचीही हीच शिकवण आहे. मोठ्या मापाचा चांगला कपडा बाजारात महाग मिळतो आणि कमी मिळतो. त्यामुळे त्याची खरी गरज त्याच मापाच्या माणसाला असते. नात्यात वा संघात अशी व्यक्ती असेल तर एकांतात, मोकळेपणाने विचारावे. ‘तुम्हाला बसेल’ असे चारचौघांत म्हणणे म्हणजे देहावर बोट ठेवणे होय. कपडा धुऊन, इस्त्री करून, तुटलेले बटण लावून, खिसे तपासून द्यावा. जो कपडा आपण पाहुण्यांसमोर घातला नसता, तो दानात देऊ नये.

चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांत कामासाठी विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या तरुणांना मुलाखतीसाठी एक नीटस शर्ट-पँट लागते. बांधकामांवरील मजूर कुटुंबांना थंडीत स्वेटर, शाली, चादरी उपयोगी पडतात. त्यांना भरजरी शेरवानी देऊन उपयोग नाही. २०२३ च्या मे महिन्यात केंद्र शासनाच्या मोहिमेतून देशभरातील शहरांत जुन्या वस्तू स्वीकारणारी केंद्रे उघडण्यात आली; आपल्या प्रभागाच्या क्षेत्रीय कार्यालयात त्याविषयी चौकशी करावी. व्यापारी वाचकांसाठी एक खुलासा: प्राप्तिकरातील देणगीची वजावट पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीलाच मिळते, कपड्यांना नाही. तेव्हा येथे पावतीची अपेक्षा ठेवू नये.

उरलेल्या चिंध्याही वाया जात नाहीत

पूर्वी दुपारच्या वेळी बोहारीण दारात येई आणि जुन्या कपड्यांवर पातेले देई. तेच कपडे पुढे दुरुस्त होऊन बाजारात विकले जात. जुन्या सुती साड्यांची गोधडी होई. आज बोहारीण क्वचित दिसते, तरी मार्ग बंद झालेले नाहीत. औद्योगिक पट्ट्यातील लेथच्या कारखान्यांत जॉब व यंत्रे पुसण्यास सुती कापडाचे तुकडे सतत लागतात. विरलेले बनियन, सुती शर्ट यांची बटणे व चेन काढून ते परिचयातील कारखानदाराला देता येतील. पॉलिस्टर मात्र त्यात मिसळू नये. मराठी माणसाला पानिपत वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. आज तेथे जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणली जातात. ओल्या कचऱ्यात टाकलेला कपडा मात्र कोणाच्याच कामाचा राहत नाही.

मोजणीत काय धरावे?

परिग्रह परिमाण व्रत घेतलेल्या श्रावक-श्राविकांसमोर एक शंका येते. जो कपडा आता अंगाला बसतच नाही, तो मर्यादेत मोजावा का? बाह्य परिग्रहात ‘कुप्य’ या सदरात वस्त्रांचा समावेश होतो. जोवर कपडा आपल्या मालकीचा आहे आणि ‘असू द्या, लागेल कधीतरी’ हा भाव मनात आहे, तोवर तो मोजणीत धरणेच योग्य. कारण आचार्य उमास्वातींनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, आसक्तीत पाहिले आहे. मर्यादा राखण्यासाठी कपडे पुतण्याच्या कपाटात ‘ठेव’ म्हणून नेणे ही पळवाट झाली, आणि शास्त्रकारांनी अशा पळवाटा अतिचारांत गणल्या आहेत. रोजच्या चौदा नियमांतही ‘वस्त्र’ हा एक नियम आहे. आज किती वस्त्रे वापरीन, हे सकाळी ठरविणाऱ्याला कपाटात किती असावीत, हेही ठरविता येईल.

श्वेतांबर परंपरेत एक कथा सांगितली जाते. दीक्षेनंतर प्रभू महावीरांच्या खांद्यावर केवळ एक देवदूष्य वस्त्र होते. एका दरिद्री ब्राह्मणाने याचना करताच प्रभूंनी त्याचा अर्धा भाग त्यास दिला. ब्राह्मण रफूगाराकडे गेला; उरलेला अर्धा आणल्यास बेमालूम जोडून देईन, असे तो म्हणाला. ब्राह्मण पुन्हा प्रभूंच्या मागे गेला. पुढे तो अर्धा भाग काट्यांत अडकून गळून पडला. तो उचलण्यास प्रभू परत फिरले नाहीत. दिगंबर परंपरा ही कथा मानीत नाही, पण निःसंगतेचा आदर्श दोन्ही परंपरांना मान्य आहे.

गृहस्थाला इतके साधणार नाही. त्याने निदान येत्या पर्युषणापूर्वी एक दिवस काढावा, घरातील सर्वांनी मिळून कपाट उघडावे आणि चार वाटे करावेत: ठेवायचे, आत घ्यायचे, द्यायचे, चिंध्यांत जायचे. पुढे एक नवा कपडा घरात आला की एक जुना बाहेर जावा. देहाचा भार प्रयत्नाने हलका केला. घराचाही तसाच हलका करावा, म्हणजे तप पूर्ण झाले असे म्हणता येईल.