दूरदेशी आई-बाबा (लेखांक ६) : आजाराची मुदत, व्हिसाची मुदत

नेरळ, कर्जत, खोपोलीतल्या कितीतरी घरांतली मुलं आता परदेशी आहेत. आई-वडील हिंडतेफिरते असतात तोवर ‘बघू पुढे’ म्हणून विषय टळतो. मग कधीतरी अर्धांगाचा झटका येतो किंवा डायलिसिस सुरू होतं, आणि फोनवर मुलगी विचारते, ‘आईला इकडेच आणता येईल का?’

व्हिसाच्या वकिलाला गाठण्याआधी आईच्या डॉक्टरांना गाठा. हा आजार पुढे कसा जाईल आणि हातात किती काळ आहे, हे त्यांना स्पष्ट विचारा. आईला कायमचं नेण्याच्या कामाला बहुधा वर्ष लागतं, कुठे अनेक वर्षंही लागतात. डॉक्टर महिन्यांची भाषा बोलत असतील, तर माझं मत ठाम आहे : आईला हलवू नका, मुलानं रजा काढून घरी यावं. वर्षांची भाषा असेल, तर कामाला आजच लागा.

अमेरिकेत आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो तो फक्त नागरिक झालेल्या, एकवीस वर्षांवरच्या मुलाला. ग्रीन कार्ड असून भागत नाही, एच-१बी असून तर नाहीच. पण नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते, आणि गंभीर आजारपणात डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज लवकर हाताळण्याची विनंती करता येते. ती मान्य होईलच असं नाही.

ब्रिटनची अट जास्त निष्ठुर वाटते. २०१२ पासून तिथे असा नियम आहे की आईला रोजच्या हालचालींसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि मुलानं पैसे पाठवूनही ती मदत मायदेशी मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करायचं. कर्जतला पगारी बाई ठेवता येते आणि मुलगा तो पगार देऊ शकतो, एवढ्यावर अर्ज अडतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आजाराचा सरकारी तिजोरीवर किती भार पडेल ते पाहतात, आणि ज्या दुखण्यासाठी आईला न्यायचं तेच आडवं येऊ शकतं. कॅनडाचा सुपर व्हिसा मात्र एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि जुना आजार त्यात कितपत धरला आहे ते अक्षर न् अक्षर वाचून घ्यावं.

पर्यटक व्हिसावर नेऊन तिथेच ठेवून घ्यायचा सल्ला देणारे भेटतील. मुलाखतीत खोटं बोलल्याचा ठपका बसला तर पुढची वाट कायमची बंद होऊ शकते. आजारी माणसाला त्या जोखमीत घालू नये.

आता कागदपत्रं. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. १९७० आधी खेड्यात जन्मलेल्या आईचा जन्मदाखला बहुधा नसतोच. मग जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करावी लागतात. तहसील कार्यालयात जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, सापडलं तर फार मदत होते. त्या कागदांवर जिल्हा ‘कुलाबा’ असेल. १९८१ मध्ये त्याचं रायगड झालं, ही साधी गोष्ट परदेशी अधिकाऱ्याला एका ओळीत लिहून द्यावी. खरा घोळ नावाचा असतो : शाळेत माहेरचं नाव, लग्नानंतर सासरी ठेवलेलं दुसरंच, आधारवर तिसरं स्पेलिंग. राजपत्रातला नावबदल आणि पासपोर्ट आई सही करू शकते आहे, तिला गाडीतून नेता येतं आहे, तोवरच उरकून घ्या.

अमेरिकेसाठीची वैद्यकीय तपासणी ठरलेल्या डॉक्टरांकडेच होते, घरच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने घेतात, आणि कल्चरच्या अहवालाला आठ आठवडे लागू शकतात. चाळीस वर्षांपूर्वी क्षय होऊन बरा झाला असेल तर ते लपवू नका. जुने एक्स-रे आणि उपचाराचे कागद असतील तर माळ्यावरून काढून ठेवा.

प्रवासाचा विचार घरचे फार उशिरा करतात. उडत्या विमानात आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ असते. आपलं माथेरान सुमारे सव्वीसशे फुटांवर आहे, म्हणजे आईला जवळपास तिप्पट माथेरानावर रात्रभर बसवायचं आहे. हृदय किंवा फुप्फुसं थकलेली असतील तर छातीच्या डॉक्टरांना आधी दाखवा. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. मान्यताप्राप्त बॅटरीवरचं कॉन्सन्ट्रेटर चालतं, पण बॅटऱ्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या लागतात. सोळा तासांच्या उड्डाणाला चोवीस तासांच्या.

पोचल्यावर खर्च कोण करणार? इथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत होत असेल, तर ते इथेच सुटतं. अमेरिकेत तिथे काम न केलेल्या पासष्टीपुढच्या आईला मेडिकेअर विकत घ्यायलाही आधी सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. ग्रीन कार्डवर गेलेल्यांना बाजारातला विमा घेता येतो आणि आधीच्या आजारामुळे तो नाकारता येत नाही, पण त्यासाठी पोचल्यापासून साठ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. हे तिकीट काढण्याआधी ठरवा, आणि डायलिसिस असेल तर तिथल्या केंद्रात तिची जागा आधी पक्की करा. तिकीटही डायलिसिसच्या दुसऱ्या दिवसाचं काढा.

हे सगळं आई ऐकते आहे अशा खोलीत बोला. तिला जायचं आहे का, हे बहुतेक घरांत कुणी विचारलेलंच नसतं, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर इथे तिची सोय कशी लावायची, ते पुढच्या लेखात पाहू.