मनोरुग्णांची सेवा आणि जिल्ह्याचें कर्तव्य

हाताचें हाड मोडलें तर त्याची लाज कोणास वाटत नाहीं. शेजारीपाजारी धांवून येतात व रोग्यास दवाखान्यांत पोंचवितात. मन बिघडलें म्हणजे मात्र घरचीं माणसें दार लावून घेतात. प्रथम दृष्ट काढतात, मग अंगारेधुपारे होतात, आणि डॉक्टरकडे जाण्याची वेळ येते तेव्हां दुखणें जुनें झालेलें असतें. २०१५-१६ सालीं बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ जणांस कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें आढळलें. आणि विकारपरत्वें शेंकडा ७० ते ९२ रोगी उपचारावांचून राहतात, असेंही दिसून आलें.

या उणिवेचें एक मूळ जुन्या व्यवस्थेंत आहे. १९१२ च्या कायद्याची दृष्टि वेड्यास बरें करण्यापेक्षां त्यास आवरून ठेवण्याकडे अधिक होती. त्यामुळें सारी भिस्त मोठमोठ्या इस्पितळांवर राहिली. महाराष्ट्रांत ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयें याच परंपरेंतील होत. दूरच्या खेड्यांतील रोग्यास तेथें नेणें कठीण, आणि बरा झालेल्यास परत घरांत घेणें त्याहूनही कठीण. हें ओळखून १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत प्रयोग झाला, आणि १९९६ पासून जिल्हावार योजना सुरू झाली. तिचें तत्त्व साधें आहे: जिल्ह्याच्या ठिकाणीं मनोविकारतज्ज्ञ व त्याचे साहाय्यक असावेत, त्यांनीं प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांस शिक्षण द्यावें, आणि औषध घराजवळ मिळावें.

परंतु योजना कागदावर असून भागत नाहीं. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तमिळनाडूंतील एरवाडी येथें एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. रोगी सांखळदंडांनीं बांधलेले होते; त्यांना पळतां आलें नाहीं, आणि पंचवीसांहून अधिक जीव जळून गेले.

२०१७ सालीं झालेल्या व पुढील वर्षीं अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्यास सांखळीनें बांधणें निषिद्ध ठरविलें आणि उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला. किमान सेवा जिल्ह्यांत सरकारकडून मिळत नसेल, तर जिल्ह्यांतीलच दुसऱ्या ठिकाणीं घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनें सोसावा, असेंही त्यांत आहे. शिवाय पुनर्विलोकन मंडळें नेमावयाचीं असून, त्यांत न्यायाधीश व डॉक्टर यांच्याबरोबर रोगी, त्यांची काळजी वाहणारे किंवा सेवाभावी संस्था यांनाही स्थान आहे. इच्छेविरुद्ध दाखल केलेल्या रोग्यास त्या मंडळाकडे दाद मागतां येते.

हजेरीपटावर नांव आहे एवढ्यावरून विद्यार्थी शिकला असें ठरत नाहीं. तसेंच दवाखान्यावर पाटी आहे एवढ्यानें सेवा मिळाली असें होत नाहीं. म्हणून जिल्ह्याच्या सेवेची परीक्षा रोग्याच्या पावलांनीं करावी लागते. त्याच्या गांवापासून उपचाराचें ठिकाण किती दूर आहे? गेल्या वर्षांत किती दिवस औषध संपलेलें होतें? या प्रश्नास फार महत्त्व आहे. कारण तीव्र विकारांत गोळ्या मध्येंच बंद पडल्या तर बरा होत आलेला मनुष्य पुन्हां आजारी पडण्याचा संभव असतो, व त्याचा रोजगारही जातो. येईनासा झालेल्या रोग्याची चौकशी कोणी केली काय? बरा झालेला मनुष्य घरीं गेला, कीं घर नाहीं म्हणून इस्पितळांतच राहिला? आणि हे प्रश्न ठरवितांना स्वतः रोग्यांस व त्यांच्या आईबापांस कोणी विचारलें काय?

हीं उत्तरें दरवर्षीं ग्रामसभेपुढें व जिल्हा परिषदेपुढें मांडलीं गेलीं, तर उणीव कोठें आहे तें लपणार नाहीं. सुधारणेस नेहमींच नवी इमारत लागते असें नाहीं. पुष्कळदां औषधांचा अखंड पुरवठा आणि घरीं जाऊन विचारपूस करणारी एक आशाताई पुरते. तातडीच्या वेळीं १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्ला मिळण्याची सोय ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती प्रत्येक शाळेच्या व चावडीच्या भिंतीवर लिहिलेली असावी.

बंद दारामागचा मनुष्य स्वतः तक्रार करण्यास येऊं शकत नाहीं. त्याच्या वतीनें विचारणें हें शेजारधर्माचेंच काम होय.