भीती कशाची दाखवायची?

मोबाइलमध्ये चांगला कॅमेरा आल्यापासून कॉलेजातली मुले शॉर्टफिल्म करू लागली आहेत. कुणाला स्पर्धेत पाठवायची असते, कुणाला प्रोजेक्ट म्हणून द्यायची असते, कुणाला नुसती हौस असते. विषय निवडायची वेळ आली की निम्म्या मुलांच्या तोंडी एकच उत्तर असते: भूत. मग घरात कुरबूर सुरू होते. अब्बा विचारतात, "अभ्यास सोडून हे कशाला?" अम्मी म्हणते, "असल्या गोष्टींशी खेळू नये." दादी काहीच बोलत नाही. पण सर्वांत चांगल्या गोष्टी तिच्याकडेच असतात, हे मुलांना ठाऊक असते.

अब्बांचा आणि अम्मीचा, दोघांचाही प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. तरीही मुलांना नुसते "नको" म्हणून गप्प करण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून बोलणे बरे. कारण भयपटाचे खरे काम कॅमेरा हातात घेण्याआधी, कागदावर होते. भीती कशाची, जागा कोणती, काय दाखवायचे, काय झाकायचे, कुणाला दुखवायचे नाही, हे सगळे तिथेच ठरते. आणि या ठरवण्यात घरातल्या मोठ्यांना बरेच सांगता येण्यासारखे आहे.

आम्ही हे कुपवाड डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत. सांगली-मिरजेला लागून असलेले, १९९८ पासून एकाच महापालिकेत आलेले हे गाव. एमआयडीसीचे कारखाने, पाळ्यांवर जाणारे कामगार आणि गावाबाहेर पडले की उसाचे फड. भयपटासाठी जुनी हवेली लागते असे वाटणाऱ्यांना इथे काहीच सापडणार नाही. डोळे उघडे ठेवणाऱ्याला मात्र पुष्कळ सापडेल.

आधी भीती, मग भूत

मराठी मातीतला या बाबतीतला उत्तम दाखला म्हणजे 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी तो व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला होता. त्याची मुळे मराठी भयकथाकार नारायण धारप यांच्या कथेत आहेत. कोकणातला पाऊस खरा वाटावा म्हणून चित्रीकरण अनेक पावसाळे चालले, आणि सगळा चित्रपट उभा राहायला कित्येक वर्षे गेली. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला, तेव्हाही लोकांनी गर्दी केली.

विद्यार्थ्यांकडे इतकी वर्षे नसतात, पैसेही नसतात. पण 'तुंबाड'मधला एक निर्णय फुकटात घेता येतो. त्यात हस्तर नावाचा राक्षसी जीव आहे, तरी भीती त्याची नाही. भीती हावेची आहे. बाप हावरट आहे, आणि मुलगा बापाहून पुढे जातो, याने अंगावर काटा येतो. हस्तर हे त्या हावेला दिलेले रूप आहे. शिवाय त्याचे नियम मोजके आहेत. त्याला सोने मिळाले पण अन्न मिळाले नाही, म्हणून तो पिठाला भुललेला आहे आणि पिठामुळेच अडतो. घराघरात असणारे पीठ! प्रेक्षकाला नियम कळला की तो मोडला जाण्याची धास्ती आपोआप लागते. नियम दहा झाले तर कुणालाच काही वाटत नाही.

दुसरा दाखला विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' या मराठी चित्रपटाचा. तो २०१७ मध्ये आला, आणि २०२१ मध्ये त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' या नावाने पुन्हा केला. एक गरोदर बाई, चहूबाजूंनी ऊस, आणि गर्भातल्या मुली मारणारा समाज. त्यातली बरीच भीती लख्ख उन्हात घडते. आमच्या भागात हा चित्रपट वेगळ्या नजरेने पाहिला गेला असेल, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. पडद्यावरची भीती प्रेक्षकाच्या ओळखीची असली की तिला फार सजवावे लागत नाही.

तेव्हा मुलांना पहिला प्रश्न हा विचारावा: तुमचे भूत कशाचे आहे? कर्जाचे? लपवलेल्या आजाराचे? घरातून निघून गेलेल्या माणसाचे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. भिंतीवरची ओलीची रेघ पुसून रंग दिलेली कितीतरी घरे आहेत. कोरड्या जिन्यावर रात्री पाण्याचा आवाज यावा, एवढ्यावर दहा मिनिटांची फिल्म उभी राहू शकते.

खरे दुःख वापरावे का?

इथे एक अवघड वळण येते. जून २०२२ मध्ये त्याच म्हैसाळमध्ये एका कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत सापडले. पुढे पोलिसांच्या तपासात गुप्तधनाच्या आमिषाचा आणि मांत्रिकाचा धागा समोर आला. जवळच्या मुलांना ही गोष्ट फिल्मसाठी मोह घालणार, हे उघड आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. त्या घरातल्यांचे नातेवाईक, शेजारी, त्यांच्या ओळखीची मुले अजून इथेच राहतात. त्यांचे मरण आपल्या स्पर्धेचे साहित्य करू नये. गुप्तधनाची हाव हा विषय जरूर घ्यावा. पण घर वेगळे, माणसे वेगळी, शेवटही वेगळा असावा. 'तुंबाड'नेही गुप्तधनच घेतले, पण कुणाच्या खऱ्या दारात कॅमेरा नेला नाही.

आपली माणसे पडद्यावर

आपल्या घरांसाठी सर्वांत नाजूक निर्णय हा आहे. हिंदी भयपटांत बुरखा, कब्रस्तान, दर्ग्याच्या जाळ्या, तावीज, लोबानचा धूर हे सामान वर्षानुवर्षे वापरले गेले. 'परी' (२०१८) या चित्रपटात तर इफ्रीतची कल्पनाच कथेच्या मुळाशी आहे. आपल्याच मुलांनी तेच सामान उचलले तर काय होईल? बुरख्यातली बाई अंधारातून आली की प्रेक्षक दचकेल, हे खरे. पण तो कशाला दचकला? आपल्या खालाला, मामीला, रोज बसथांब्यावर उभ्या असणाऱ्या बाईला. फिल्म दहा मिनिटांत संपते, पाहणाऱ्याच्या मनातली ती दचक राहते.

मग जिन्नाचा विषय घ्यायचाच नाही का? बाबक अन्वरी यांचा 'अंडर द शॅडो' (२०१६) हा फारसी भाषेतला चित्रपट इथे उपयोगी पडतो. इराण-इराक युद्धाच्या काळातले तेहरान, बॉम्बहल्ल्यांखाली जगणारी आई आणि मुलगी, आणि वाऱ्याबरोबर येणारे जिन्न. जिन्नाची कल्पना त्या माय-लेकींच्या जगण्यातलीच आहे, म्हणून ती उसनी वाटत नाही. आणि भीतीच्या बुडाशी युद्ध आहे, नवरा दूर गेला आहे, मुलीला आपण सांभाळू शकू का ही आईची शंका आहे.

जिन्नाचा उल्लेख कुरआनात आहे, त्यांच्या नावाची सूरहही आहे. त्यामुळे अनेक घरांत हा थट्टेचा विषय नाही. ज्या घरात आक्षेप असेल तिथे मुलांनी तो मानावा. ज्या घरात नसेल तिथेही दोन पथ्ये पाळावीत असे आम्हाला वाटते. कुरआनाची तिलावत किंवा अजान भीतीचे पार्श्वसंगीत म्हणून वापरू नये. आणि खऱ्या कबरीवर, दर्ग्यात किंवा कब्रस्तानात चित्रीकरण करू नये. ज्यांचे माणूस तिथे निजले आहे, त्यांचा विचार आधी.

आणखी एक गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. अंगात आलेली मुलगी, केस सोडून घुमणारी बाई, आणि तिला बडवून बरे करणारा बाबा, हे दृश्य मुलांना सोपे वाटते. प्रत्यक्षात अशा कितीतरी बायका-मुलींना आजार असतो आणि त्यांना डॉक्टरची गरज असते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या कृत्याला कायद्याने शिक्षा आहे, तेच आपल्या फिल्ममध्ये इलाज म्हणून दाखवले तर एखाद्या घरातल्या आजारी मुलीचे औषध त्यामुळे लांबेल.

न दाखवलेले जास्त घाबरवते

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या काळातल्या पौराणिक नाटकांत राक्षस आरडाओरडा करीत, थयथयाट करीत येत. तो तेव्हाचा रिवाज होता. आजच्या प्रेक्षकाला मात्र पुढ्यात येऊन ओरडणारा राक्षस हसवतो.

'जॉज' (१९७५) चित्रपटाच्या वेळी यांत्रिक शार्क वारंवार बिघडत होता. म्हणून स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो कमी दाखवावा लागला. पाणी, पिवळी पिंपे आणि संगीत यांवर काम भागवले, आणि भीती वाढली. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये पैसे बेताचे होते. एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागे काहीतरी आहे असे वाटते, आणि अचानक कर्कश आवाज येतो. ती असते बस! प्रेक्षक तरीही खुर्चीतून उडाले.

ज्या मुलांकडे पैसा नाही त्यांनी याकडे अडचण म्हणून पाहू नये. मुखवटा, रक्त, पांढरे डोळे यांवर पैसे घालण्यापेक्षा आवाजावर मेहनत करावी. कुपवाडच्या मुलांना तर त्यासाठी लांब जायला नको. शेजारच्या मिरजेत पिढ्यान्पिढ्या सतार आणि तंबोरे बनतात. त्यांतली बरीच घरे आपलीच आहेत, आणि २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची तार सैल करून छेडली की जो घरघरता आवाज निघतो, तो मोबाइलवर टिपून पाहावा. पत्र्याच्या शेडवर पडणारा पाऊस, बंद मशीन थंड होतानाची टकटक, उसाच्या पाल्याची सळसळ, हे सगळे आपले आहे. दुसऱ्याचे संगीत इंटरनेटवरून उचलले तर हक्कांचा प्रश्न येतो आणि स्पर्धेतून नाव बाद होऊ शकते.

कागद, परवानगी आणि घरी परतणे

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा हिशेब धरतात. दहा मिनिटांची फिल्म असेल तर दहा पाने पुरे. माणसे तीन, जागा एक, भीती एक. प्रत्येक दृश्याचे वहीत साधे चित्र काढावे, चित्रकला येत नसली तरी चालेल.

रात्रीचे चित्रीकरण मोबाइलला झेपत नाही, चित्र दाणेदार येते. मगरिबच्या आसपासची पंधरा-वीस मिनिटे त्याहून चांगली. आकाशात निळा उजेड असतो, घरातला दिवा पिवळा दिसतो, आणि पडद्यावर रात्रच वाटते. मुलीही वेळेत घरी येतात. हा आमच्या मते कुटुंबाशी तह करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

कारखान्याची बंद शेड हवी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी, मशीनच्या आणि विजेच्या जवळ जाऊ नये. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊलही टाकू नये. रस्त्यावर कुणाला खरोखर घाबरवून त्याचे चित्रण करणे हा तर खेळ नव्हेच. त्यात म्हातारे माणूस पडू शकते, किंवा जमाव मुलांनाच मारू शकतो.

पटकथा पुरी झाली की ती घरात मोठ्याने वाचावी. अम्मी, अब्बा, दादी, सगळ्यांसमोर. कुठे कोण गप्प होते, कुठे कोण हसते, यावर लक्ष ठेवावे. पडद्यासमोरही लोक तिथेच गप्प होतील आणि तिथेच हसतील. घरातल्या मोठ्यांनी ऐकताना तीन गोष्टी विचाराव्यात: ही भीती कशाची आहे? यात कुणाचे खरे दुःख वापरले आहे का? हे पाहून आपल्या गल्लीतले कोणते माणूस उद्या परके वाटेल?

या तिन्हींची उत्तरे मुलांनी नीट दिली, तर कॅमेरा त्यांच्या हातात द्यायला हरकत नाही. दहा वर्षांखालच्या भावंडांना मात्र ती फिल्म दुपारी दाखवावी, आणि कुणीतरी मोठ्याने जवळ बसावे.