वेतनमर्यादेच्या पळवाटा

सांताक्रूझच्या गल्लीबोळांतून रबरी चेंडूने क्रिकेट खेळणारी मुले डाव मांडण्यापूर्वी एक गोष्ट कटाक्षाने करतात. दोन्ही बाजू तुल्यबळ होतील अशा बेताने ती गडी वाटून घेतात. व्यावसायिक खेळातील वेतनमर्यादेचा हेतू याहून निराळा नाही. धनाढ्य मालकाने सारेच उत्तम खेळाडू उचलून नेऊ नयेत, म्हणून इंडियन प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा घातलेली आहे. २०२५ च्या मोसमापूर्वीच्या लिलावासाठी, राखून ठेवलेल्या खेळाडूंसह, ती १२० कोटी रुपये होती.

परंतु जेथे मर्यादा आली तेथे पळवाटही आलीच. परदेशात ही वाट पुष्कळदा जखमी खेळाडूंच्या यादीतून जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९४ पासून वेतनमर्यादा आहे आणि जखमी खेळाडूचे वेतनही तीत धरले जाते. तेथील आइस हॉकीत मात्र दीर्घकाळ जखमी असलेल्याच्या वेतनापोटी संघाला सवलत मिळे, आणि बाद फेरीत तर मर्यादाच नसे. २०२१ साली टॅम्पा बेचा निकिता कुचेरॉव्ह साखळीतील एकही सामना न खेळता थेट बाद फेरीत उतरला आणि त्याचा संघ विजेता ठरला. नियमभंग झाला नव्हता; दोष नियमातच होता.

आपल्या लीगमध्ये ही वाट बरीचशी बुजविलेली आहे. बदली खेळाडूचे मानधन जखमी खेळाडूच्या मानधनाहून अधिक असता कामा नये, आणि ज्याच्या जागी बदली घेतला, त्याला त्या मोसमात पुन्हा खेळता येत नाही. २०२५ मध्ये ४.८० कोटींच्या अल्ला गझनफरच्या जागी मुंबई इंडियन्सने मुजीब उर रहमानला २ कोटींत घेतले, ते याच नियमानुसार.

मग पाणी मुरते कोठे? २०१० च्या लिलावात कीरॉन पोलार्डवर साडेसात लाख डॉलरची कमाल बोली अनेक संघांनी लावली, तेव्हा निकाल गुप्त जादा बोलीने लागला व तो मुंबईकडे आला. ती जादा रक्कम खेळाडूला नव्हे, नियामक मंडळाला मिळाली. ती किती, हे जाहीर झाले नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पांड्या लिलावाबाहेरच्या व्यवहाराने गुजरात संघाकडून मुंबईकडे आला. त्याचे १५ कोटींचे मानधन मर्यादेत मोजले गेले. गुजरातच्या मालकांना मिळालेले हस्तांतरणमूल्य मात्र मर्यादेबाहेर राहिले आणि अधिकृतपणे प्रसिद्धही झाले नाही. दोन्ही व्यवहार नियमाला धरूनच झाले, आणि चिंतेची बाब नेमकी हीच आहे. ज्या थैलीचे तोंड बांधले तिच्या शेजारीच दुसरी मोकळी ठेवली, तर बांधण्याला अर्थ काय?

मुंबईचा विजय आम्हांसही प्रिय आहे. म्हणूनच तो निःशंक असावा, असे आम्हांस वाटते. खेळाडूच्या दुखापतीची तपासणी होते, तर मालकांच्या व्यवहाराची वाच्यता का होऊ नये? मंडळाने हस्तांतरणमूल्य जाहीर करावे व ते मर्यादेत धरावे. गल्लीतील पोरांना जे कळते, ते मंडळाला कळत नसेल, असे मानण्यास आम्ही तयार नाही.