मोजणाऱ्या यंत्राचेही मोजमाप

अहवाल वर्षात खरेदी केलेल्या यंत्रांची यादी अन्यत्र दिली आहे. ज्या खर्चातून रुग्णालयात एकही नवी वस्तू आली नाही, अशा एका खर्चाविषयी मात्र देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना येथे माहिती द्यावी, असे आम्हांस वाटते. हा खर्च आहे तपासणी यंत्राच्या अंशशोधनाचा, म्हणजेच कॅलिब्रेशनचा.

शस्त्रक्रियागृहातील कॉटरी यंत्र उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने ऊती कापते व रक्तस्राव थांबविते. त्याची शक्ती वॅटमध्ये ठरविली जाते. ती कमी पडल्यास रक्तस्राव लवकर थांबत नाही. अधिक झाल्यास शेजारची निरोगी ऊतीही भाजते. यंत्रावर दिसणारा ३० वॅटचा आकडा हा निवडलेला आकडा असतो. प्रत्यक्षात तितकीच शक्ती बाहेर पडते काय, हे स्वतंत्र तपासणी यंत्राने पाहावे लागते. त्यात रुग्णाच्या शरीराऐवजी ठरावीक ओहमचा रोध असतो. त्यातून जाणारा प्रवाह मोजून शक्ती काढली जाते. घरातील विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने, तर कॉटरीची काही लाख आवर्तने असते. त्यामुळे साधा मल्टिमीटर येथे उपयोगी पडत नाही.

या गणितात एक मेख आहे. शक्ती ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तपासणी यंत्र प्रवाह १० टक्के कमी दाखवू लागले, तर शक्ती १९ टक्के कमी दिसते. म्हणजे कॉटरीतून ३७ वॅट बाहेर पडत असता ते ३० वॅट दाखवील. आंतरराष्ट्रीय मानकानुसार निवडलेल्या शक्तीत २० टक्क्यांहून अधिक फरक चालत नाही; ३० वॅटसाठी वरची मर्यादा ३६ वॅट होते. कॉटरी मर्यादेबाहेर, आणि नोंदवहीत मात्र ‘योग्य’ असा शेरा!

उष्णतेने, वापराने व काळाने प्रत्येक मापक थोडा ढळतो. म्हणून आम्ही आमचे तपासणी यंत्र एन.ए.बी.एल. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवितो. तेथील मापकांची तुलना टप्प्याटप्प्याने नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील राष्ट्रीय मानकांपर्यंत पोहोचते. प्रमाणपत्रात आढळलेली चूक आणि मापनातील अनिश्चितता, या दोन्ही आकड्यांनिशी नोंदविलेल्या असतात.

यंदाच्या प्रमाणपत्राने आमचे यंत्र शक्ती कमी दाखवीत असल्याचे निदर्शनास आणले. मागील अंशशोधनापासून त्याने ‘योग्य’ ठरविलेल्या सर्व कॉटरी आम्ही बाजूला काढून पुन्हा तपासल्या, आवश्यक तेथे दुरुस्त केल्या. त्यामुळे काही नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ‘यंत्र तर चालू आहे, मग विलंब कशासाठी?’ असे तेव्हा काही नातेवाइकांनी विचारले. त्यांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. वरील माहिती हेच त्यांच्या प्रश्नाचे उत्तर होय.

देणगीतून आलेल्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, प्रमाणपत्रावर येत नाही. तरीही या कामासाठी ज्यांनी निधी दिला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.