जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. त्यामुळे २०१६ साली घेतलेला, स्क्रीन-कीबोर्ड शाबूत असलेला, रोज बिनतक्रार चालणारा लॅपटॉपही यादीबाहेर पडला. यंत्र केव्हा निकालात काढायचं हे ज्यानं पैसे मोजले त्यानं ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. तो हक्क आपल्याकडे ठेवायचा असेल, तर लिनक्स हा घरच्या घरी जमण्याजोगा मार्ग आहे.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्सचा गाभा लिहिला. त्याभोवती ग्नू प्रकल्पाची साधनं, डेस्कटॉप आणि रोजचे प्रोग्रॅम बसवून जे तयार संच मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबंटू, फेडोरा असे कितीतरी आहेत. विंडोजची सवय असलेल्या माणसाला मी लिनक्स मिंट सुचवेन, कारण त्यात चाचपडावं लागत नाही. २ जीबी रॅमवर ते चालतं, पण ४ जीबी असलेली बरी. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. रॅम ४ जीबीच असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता आली, तर जुन्या लॅपटॉपला सगळ्यात मोठा वेग त्यातूनच मिळतो.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे बसवायची संपूर्ण प्रणाली एकाच फाइलीत, उतरवली की बहुतेक जण थेट पेनड्राइव्हकडे वळतात. मधली पायरी गाळू नये. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात हल्लेखोर शिरले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा त्यांनी चोरदरवाजा ठेवलेल्या बनावट फाइलकडे वळवला. अशी फाइल ओळखायची खूण म्हणजे हॅश. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी एसएचए २५६ या पद्धतीनं काढलेला आकडा पार वेगळा येतो. संकेतस्थळच ताब्यात घेतलेला माणूस हॅशची यादीही बदलू शकतो, म्हणून त्या यादीवरची डिजिटल सहीसुद्धा तपासावी.

रुफस किंवा बलेनाएचर वापरून पेनड्राइव्ह तयार करायचा (त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं) आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करायचा. अशा लाइव्ह डेस्कटॉपवर हार्ड डिस्कला हात न लावता सगळं बघून घेता येतं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, घरचा प्रिंटर ओळखला जातो का, हे इथंच पाहावं.

खरी जोखीम आहे ती विभागणीच्या पडद्यावर. तिथं ‘डिस्क पुसा’ आणि ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ असे पर्याय येतात. यादीत पेनड्राइव्हही दिसतो आणि बाहेरून जोडलेली डिस्कही, म्हणून क्षमता वाचून आपली डिस्क ओळखावी आणि बाकीच्या आधीच काढून ठेवाव्यात. दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील तर विंडोजमध्येच जागा मोकळी करावी, फास्ट स्टार्टअप बंद करावं आणि बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. यूईएफआय यंत्रात ईएफआय नावाचा छोटा विभाग असतो. यंत्र सुरू करणारी फाइल त्यातच असते, तेव्हा तो फॉरमॅट करायचा नाही. एवढी तयारी असेल तर पुढचं काम एसएसडीवर बहुधा चहा होईपर्यंत आटोपतं.

मग मराठीची मांडणी. इथं पुण्याचं ऋण मानलं पाहिजे. लोहित हे फॉण्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवले आणि रेड हॅटनं ते विकत घेऊन २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. लिनक्सवर देवनागरी नीट दिसण्याचा पाया त्यांनी घातला. टंकलेखनासाठी आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस घ्यावीत. त्यांत इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी गमभनही आहे. मी इनस्क्रिप्टच्या बाजूनं आहे, कारण एकदा बोटांना बसलं की तेच कळपाट विंडोजवर आणि सरकारी कचेरीतही चालतं. बसवून झाल्यावर ‘वाऱ्यावर’ टाइप करून पाहावं. ऱ, हलन्त आणि य या क्रमानं दाबल्यावर चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटला, तर फॉण्ट आणि कळपाट दोन्ही जागेवर आहेत. रफार आला तर ऱऐवजी साधा र दाबला गेला आहे. ‘ॲ’ही तपासावा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉण्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो.

आणि डिस्क पुसण्याआधी एक काम आवर्जून करा. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉण्टांत टाइप केलेली पत्रं, हस्तलिखितं, संस्थेचे अहवाल घरोघरी पडून आहेत. त्यांत युनिकोड मराठी नाही. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत, त्यामुळे तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती कागदपत्रं विंडोज चालू आहे तोवरच शोधावीत, परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावीत आणि मूळ मजकुराशी ओळ न् ओळ ताडून पाहावीत. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सुटतात. मूळ फाइलीची एक प्रत आणि शक्य असेल तर तिची पीडीएफ वेगळ्या डिस्कवर ठेवावी, मगच ‘डिस्क पुसा’ या पर्यायावर टिचकी मारावी.