मॉरिशसांतील मजूर मळेकरी कसे झाले

पारनेरच्या माळावरून पोटासाठीं मुंबई गांठणारा माणूस कोणास नवा नाहीं. परंतु मुंबईच्याहि पुढें, समुद्रापार जाऊन तेथेंच घर, शेत आणि व्यवसाय उभे करणारे मराठी लोक आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हिंदी महासागरांतील मॉरिशस हें तें बेट. क्षेत्रफळ सुमारें दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढें. १९६८ सालीं तें स्वतंत्र राष्ट्र झालें.

१८३५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें उठली. ती उठणार हें दिसतांच, १८३४ पासूनच, उंसाच्या मळेवाल्यांनीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर आणविण्यास प्रारंभ केला. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मंडळी बरीच होती. करार बहुधा पांच वर्षांचा. वेतन महिना पांच रुपये आणि शिधा. एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांचें वेतन कापलें जाई. मग अशा मिळकतींतून भांडवल सांचलें कसें?

सर्वांचें सांचलें नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. काटकसरीचे गोडवे गाणारे एवढा भाग बहुधा गाळतात. कित्येक परत आले, कित्येक कर्जांतच राहिले. ज्यांच्या हातीं पैसा खेळला ते मुख्यतः मुकादम, किंवा कराराची मुदत संपल्यावर गाय पाळून दूध व भाजीपाला विकणारे. त्यांना संधि मिळाली ती मालकांच्या अडचणीमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत बीटची साखर वाढली आणि उंसाच्या साखरेचा भाव उतरला. पैशाची निकड लागलेल्या मळेवाल्यांनीं आपल्या जमिनींच्या कडेचे हलके तुकडे पाडून विकावयास काढले. रक्कम हप्त्यांनीं द्यावयाची असे. तें बेट ज्वालामुखीचें, तेव्हां त्या तुकड्यांत माती थोडी आणि काळा दगड फार. तो वेंचून शेतांतच त्याचे ढीग रचावे लागत; पारनेरच्या शेतकऱ्यास हें काम निराळें समजावून सांगावयास नको.

जमीन झाली, तरी गिरणी मालकाचीच राहिली. तोडलेला ऊंस फार वेळ ठेवतां येत नाहीं. त्यांतील साखर उतरूं लागते. म्हणून लहान मळेकऱ्यास भावासाठीं अडून बसतां येत नसे. गिरणीच्या कांट्यावर जें वजन भरेल तें मान्य करून, मिळेल त्या दरानें गाडी रिकामी करावी लागे. शिवाय लावणीपासून तोडणीपर्यंतच्या महिन्यांत घर चालविण्यास सावकार होताच. म्हणजे वेतनाच्या जागीं व्याज आलें! १९१३ सालीं तेथें सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच वर्गाला सावकाराच्या हातून सोडविण्यासाठीं. शेजारच्या मळेकऱ्यांनीं एकमेकांस जामीन राहावयाचें, लावणीस कर्ज घ्यावयाचें आणि ऊंस गिरणीस गेल्यावर तें फेडावयाचें, असा तो व्यवहार होता.